सचिव रहीमसाहेब: जिल्हा फुटबॉल संघटनांना खुले पत्र

प्रति,
सचिव,
महाराष्ट्रातील सर्व जिल्हा फुटबॉल संघटना

विषय: हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव सय्यद अब्दुल रहीम यांच्या कामाचे स्मरण

सय्यद अब्दुल रहीम हे नाव आज बहुतेकांना भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक म्हणून ठाऊक आहे. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांतली दोन सुवर्णपदके, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक आणि २०२४ साली आलेला ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट, एवढ्यावर त्यांची ओळख उभी आहे. पण ज्या पदावर त्यांनी खंड न पडता सर्वांत जास्त काळ काम केले, ते पद राष्ट्रीय संघाचे नव्हते. १९४३ पासून ११ जून १९६३ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तब्बल वीस वर्षे, ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव होते. साखळीचे वेळापत्रक, क्लबांची नोंदणी, मैदानाची तजवीज, शाळांना पत्रे, पंचांच्या नेमणुका, हरकती आणि तक्रारी हे सगळे ज्या टेबलावर येऊन पडते ते सचिवाचे टेबल. हे पत्र ज्यांच्या नावे आहे, त्यांच्या ओळखीचे ते आहे. म्हणूनच इथे स्मरण प्रशिक्षक रहीम यांच्यापेक्षा सचिव रहीम यांचे अधिक आहे.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झाले, आणि पेशा शिक्षकाचा. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी नोकरी केली. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतल्यावर शाळेतल्या खेळांची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. विद्यार्थिदशेत आणि नंतर शहरातल्या क्लबांकडून ते स्वतः फुटबॉल खेळत होते.

या मास्तरकीला त्यांच्या कामात मोठा अर्थ आहे. निवड शिबिरातला प्रशिक्षक एखाद्या मुलाला दोन-तीन आठवडे पाहतो. शाळेतला शिक्षक त्याला पाचवीपासून दहावीपर्यंत पाहतो. त्याच्या घरची परिस्थिती, त्याचे रुसवे, कोणत्या वर्षी तो एकदम उंच झाला आणि उंच होताना त्याच्या पायांतला तोल कसा गेला, हे सारे शिक्षकाला माहीत असते. रहीम यांनी पुढे प्रौढ खेळाडूंना जे शिकवले, त्यातही क्रमाक्रमाने धडा पुढे नेण्याची शिक्षकी रीत स्पष्ट दिसते. एक गोष्ट पक्की झाल्याशिवाय दुसरीला हात घालायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता.

त्यांनी सचिवपद हाती घेतले तेव्हा हैदराबाद ही निजामाची राजधानी होती. त्या संस्थानात आजच्या मराठवाड्याचे जिल्हेही होते. शहरात फुटबॉल नवा नव्हता. सिकंदराबादच्या छावणीत ब्रिटिश पलटणी खेळत आणि त्यांचा खेळ पाहून स्थानिक संघ तयार झाले होते. निजामाच्या फौजेतल्या अरब शिपायांच्या वंशजांची बारकस ही वस्ती आजही फुटबॉलच्या वेडासाठी ओळखली जाते. फतेह मैदानावर सामन्याला गर्दी होई. खेळ होता, खेळाडू होते, प्रेक्षक होते. त्यांना वर्षभर बांधून ठेवील अशी व्यवस्था मात्र हवी होती. संघटनेचे अध्यक्ष सय्यद मोहम्मद हादी हे क्रिकेट, टेनिस आणि इतर अनेक खेळांत नाव कमावलेले गृहस्थ. रणजी करंडकातले पहिले शतक त्यांच्याच नावावर आहे. हादी यांचे वजन आणि रहीम यांचे कष्ट असा तो संयोग होता.

त्या वीस वर्षांत हैदराबादचे राज्य दोनदा बदलले. आधी निजामाचे संस्थान, सप्टेंबर १९४८ नंतर भारतातले हैदराबाद राज्य, आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून आंध्र प्रदेश. त्या फेरबदलात मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि कानडी जिल्हे म्हैसूरला जोडले गेले. सरकारे, अधिकारी, कचेऱ्यांची भाषा, सगळे बदलले. फुटबॉल संघटनेचा सचिव तोच राहिला. सातत्य या एका गोष्टीची किंमत खेळाच्या इतिहासात फार कमी वेळा मोजली जाते. दर दोन वर्षांनी कार्यकारिणीच्या भांडणात साखळीच रद्द झालेली असेल, तर चौदा वर्षांच्या मुलाचे ते वर्ष कुठल्याही निवडणुकीने परत येत नाही.

रहीम यांनी स्थानिक पातळीवर जे केले, त्यात सर्वांत विलक्षण होत्या त्यांच्या स्पर्धा. नेहमीच्या साखळीच्या जोडीला त्यांनी अशा स्पर्धा घेतल्या की ज्यांचे नियमच शिकवण्याचे काम करत. एका स्पर्धेत ड्रिबलिंगला मनाई होती. एका स्पर्धेत खेळाडूने फक्त आपल्या कमजोर पायाने खेळायचे. लहान मुलांसाठी वयाऐवजी उंचीची मर्यादा घातलेल्या स्पर्धा होत्या.

या तिन्हींच्या मागचा विचार थोडा तपशिलात पाहण्यासारखा आहे, कारण त्यासाठी पैसा लागत नाही आणि परवानगीही कुणाची लागत नाही.

कमजोर पायाचा सामना असा चालतो. उजव्या पायाचा मुलगा उजव्या बगलेला उभा आहे. चेंडू त्याच्याकडे येतो. सवयीने उजवा पाय पुढे जातो आणि पंचाची शिट्टी वाजते. दुसऱ्या वेळी तो थांबतो, चेंडू डाव्या पायाखाली घेण्यासाठी अंग फिरवतो, तेवढ्यात समोरचा बचावपटू चेंडू काढून घेतो. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत त्याच्या लक्षात येते की चेंडू येण्याआधीच अंग वळवून उभे राहिले पाहिजे. त्यासाठी चेंडू येण्याआधी आजूबाजूला पाहिले पाहिजे. आता पास देणाऱ्याचीही पंचाईत होते. आजवर तो पास माणसाकडे देत होता. आता त्याला तो माणसाच्या एका ठरावीक पायाकडे द्यावा लागतो, नाहीतर पास वाया जातो. म्हणजे डावा पाय सुधारणे हा या सामन्याचा वरवरचा लाभ झाला. खरा लाभ नजरेचा आणि पासच्या अचूकतेचा. दोन्ही पायांनी सारख्याच सहजतेने खेळणारे बचावपटू आणि मध्यरक्षक ही पुढे हैदराबादी फुटबॉलची खूण ठरली, ती अशी मैदानावर घडलेली होती.

ड्रिबलिंगबंदीचा सामना दुसऱ्या दुखण्यावर होता. गल्लीत खेळणाऱ्या पोराला चेंडू पायाशी ठेवण्याची हौस असते, आणि त्यात गैर काही नाही. पण अकरा जणांच्या खेळात एकाने चेंडू धरून ठेवला की उरलेले दहा बघे होतात. चेंडू मिळताच तो सोडायचा असे बंधन आले की ज्याच्याकडे चेंडू नाही त्यालाही धावावे लागते, कारण उभ्या माणसाला पास देऊन उपयोग नसतो. एका स्पर्शात पास, लगेच मोकळी जागा, परत पास, अशी लय मुलांच्या अंगात भिनते. रहीम यांच्या संघांचा आखूड, जमिनीलगतच्या पासांचा खेळ पाहणाऱ्यांना सुंदर वाटे. त्याचे मूळ या लहान मुलांच्या सामन्यांत होते.

उंचीच्या मर्यादेमागे व्यवहारी शहाणपण आहे. जन्माची नोंद सर्रास होत नसण्याच्या त्या काळात वयाचा दाखला हा विश्वासाचा मामला होता. उंची मोजायला भिंतीवर एक रेघ पुरते. शिवाय एकाच वयाच्या दोन मुलांत वीतभर उंचीचा फरक असला तर लहानखुरा मुलगा धक्क्यानेच बाजूला पडतो आणि त्याची कला कुणाला दिसत नाही. बरोबरीच्या उंचीच्या मुलांत तो उठून दिसतो. आज वयचोरी रोखायला हाडांच्या क्ष-किरण तपासण्या कराव्या लागतात. लहान वयोगटासाठी रहीमसाहेबांची रेघ आजही विचारात घेण्याजोगी आहे.

या पायावर हैदराबाद सिटी पोलीस संघ उभा राहिला. पोलीस दलात नोकरी मिळाल्याने गरीब घरांतल्या खेळाडूंचा पोटाचा प्रश्न सुटे आणि सराव रोज होई. रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने मुंबईच्या कूपरेजवर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स करंडक जिंकला. १८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक होती, आणि कोलकात्याच्या नामवंत क्लबांनाही पाच वर्षांत एकदाही हा करंडक नेता आला नाही. १९५० चा ड्युरँड करंडकही याच संघाने मोहन बागानला हरवून पटकावला. मुंबईच्या फुटबॉल रसिकांना हैदराबादी खेळाची चव लागली ती या काळात. संतोष करंडकातही मुंबईने त्याचा अनुभव घेतला. १९५६-५७ आणि १९५७-५८ अशा लागोपाठ दोन अंतिम सामन्यांत हैदराबादने मुंबईलाच नमवले. मुंबईचा संघ तेव्हा दुबळा नव्हता. दोन्ही वर्षी तो अंतिम फेरीत होता, यातच ते आले. फरक पडला तो खालच्या फळीतल्या तयारीचा.

नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, झुल्फिकारुद्दीन, अहमद हुसेन, युसूफ खान, पीटर थंगराज, तुलसीदास बलराम ही सगळी हैदराबाद-सिकंदराबादची मुले ऑलिंपिकपर्यंत पोचली. त्यांतले बलराम यांचे उदाहरण सचिवाच्या कामाच्या दृष्टीने मोलाचे आहे. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावातले हे गरीब घरातले पोर. रहीम यांच्या नजरेला ते पडले आणि त्यांनी त्याला हैदराबादला निवड चाचणीसाठी बोलावले. मुलाची अडचण साधी होती: रोज एवढ्या लांब जायला-यायला पैसे नव्हते. रहीम यांनी त्याच्या सायकलीची सोय केली. मुलगा आला, हैदराबादच्या संघात निवडला गेला आणि १९५६ सालीच मेलबर्नच्या ऑलिंपिक संघात जाऊन बसला. पुढे कोलकात्यात ईस्ट बंगालचा तो लाडका झाला. पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि बलराम हे त्रिकूट भारतीय फुटबॉलच्या सुवर्णकाळाचे दुसरे नाव ठरले. बलराम १६ फेब्रुवारी २०२३ रोजी गेले. गुणवत्ता असूनही न पोचलेल्या मुलांपैकी किती जण केवळ प्रवासभाड्याअभावी घरी राहिले, याची नोंद कोणत्याही संघटनेच्या दफ्तरात नसते, कारण जो चाचणीला आलाच नाही त्याचे नाव यादीत येत नाही. ते नाव शोधत जाणे हेही सचिवाचे काम आहे, असे रहीम मानत होते हे त्यांच्या वागण्यावरून दिसते.

राष्ट्रीय संघाचा इतिहास पुष्कळदा सांगून झालेला आहे, म्हणून इथे तो थोडक्यात. १९५१ साली दिल्लीत इराणला १-० असे हरवून पहिले आशियाई सुवर्ण मिळाले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा दारुण पराभव झाला. भारताचे बरेच खेळाडू तिथे अनवाणी उतरले होते आणि बचावफळीची मांडणीही जुनी, दोन बॅकची होती. रहीम यांनी या पराभवाची सबब सांगत बसण्याऐवजी खेळ बदलला. बूट सक्तीचे झाले, तीन बॅकची पद्धत आली. १९५६ मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या ४-२ अशा विजयात नेव्हिल डिसूझा या मुंबईच्या आघाडीपटूने तीन गोल केले, आणि भारत ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोचणारा पहिला आशियाई देश ठरला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली. तिथून पुढे आजतागायत भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकला गेलेला नाही.

जाकार्ताचे १९६२ चे सुवर्ण मात्र एका निर्णयासाठी इथे सांगणे भाग आहे. बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला स्पर्धेत जखम झाली. टाके असलेल्या डोक्याने बचावात उंच चेंडू वारंवार परतवणे धोक्याचे, आणि असा खेळाडू बाहेर बसवणे संघाला परवडणारे नव्हते. रहीम यांनी त्यांना आघाडीवर खेळवले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध जर्नेल यांनी गोल केला, आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात सुमारे लाखभर विरोधी प्रेक्षकांसमोर दक्षिण कोरियाविरुद्धही केला. भारत २-१ असा जिंकला. खेळाडूला एका जागेपुरता न घडवता पूर्ण फुटबॉलपटू म्हणून घडवायचे, हा रहीम यांचा हैदराबादमधला आग्रह. जर्नेल पंजाबचे, त्यांची घडण वेगळी. पण त्यांच्याबाबतचा निर्णय त्याच विचारातून आलेला होता. त्या वेळी रहीम स्वतः फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासलेले होते. नऊ महिन्यांनी ते गेले, वयाच्या चौपन्नाव्या वर्षात.

त्यांच्यानंतर हैदराबादचे फुटबॉल लगेच संपले नाही. १९६५-६६ चा संतोष करंडक आंध्र प्रदेशने जिंकला. त्यांच्या छायेत वाढलेल्या पिढीतले सय्यद नईमुद्दीन हे १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ब्राँझपदक मिळवणाऱ्या भारतीय संघाचे कर्णधार होते. आधी तयार झालेली मुले काही वर्षे पुरली. नवी मुले त्या प्रमाणात आली नाहीत, आणि देशाला खेळाडू पुरवणारे शहर हळूहळू यादीतून नाहीसे झाले. संतोष करंडक त्या राज्याकडे पुन्हा आला नाही. या ऱ्हासाला कारणे अनेक आहेत. पैसा, नोकऱ्या, क्रिकेटची वाढती ओढ. पण एक कारण संघटनेच्या रचनेतलेही दिसते: वीस वर्षे सारे एका माणसाभोवती फिरले आणि तो गेल्यावर त्याची जागा घेणारा सचिव उभा राहिला नाही. रहीम यांच्याविषयी कितीही आदर असला तरी ही उणीव त्यांच्या कामाचाच भाग आहे, आणि ती झाकून ठेवल्याने कुणाचेच भले नाही. महाराष्ट्रातल्या ज्या जिल्ह्यांत साखळी एखाद्या वयोवृद्ध कार्यकर्त्याच्या जिवावर चालते, त्यांनी त्या कार्यकर्त्याच्या हयातीतच त्याच्या शेजारी दोन तरुण बसवावेत.

मानसन्मानाच्या बाबतीत रहीम यांच्या वाट्याला फारसे काही आले नाही. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला, तोवर त्यांना जाऊन बावीस वर्षे झाली होती. नईमुद्दीन यांना तो १९९० मध्ये मिळाला. रहीम यांचे पुत्र सय्यद शाहीद हकीम हे रोम ऑलिंपिकच्या चमूत होते, हवाई दलात अधिकारी होते आणि आंतरराष्ट्रीय पंचही झाले. त्यांना २०१७ साली ध्यानचंद पुरस्कार देण्यात आला. शिष्याचा आणि मुलाचा गौरव झाला, गुरूचा आणि बापाचा राहून गेला. तो दिल्लीने करायचा आहे. जिल्हा संघटनांच्या हातात ती गोष्ट नाही.

जिल्ह्याच्या हातात जे आहे ते रहीम यांच्या कामाशी जास्त जवळचे आहे. महाराष्ट्रात फुटबॉलला ठिकठिकाणी भक्कम जमीन आहे. कोल्हापुरात तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठाच्या पेठा लोटतात. मुंबईत, नागपुरात, पुण्यात शाळांचे आणि वस्त्यांचे फुटबॉल जोरात आहे. प्रेक्षक जमवण्याची अडचण हैदराबादला नव्हती, इथेही नाही. लहान वयातल्या मुलांसाठी शिकवणारी स्पर्धा हीच उणी आहे. आंतरशालेय स्पर्धा बहुतेक ठिकाणी बाद पद्धतीच्या असतात. पहिल्याच दिवशी हरलेली शाळा त्या वर्षी एकच सामना खेळते, आणि जिंकण्याच्या घाईत शिक्षक सर्वांत धिप्पाड मुलगा पुढे उभा करून लांब चेंडू मारायला सांगतात.

म्हणून प्रत्येक जिल्हा संघटनेने रहीमसाहेबांच्या नावाने एक छोटी वार्षिक स्पर्धा घ्यावी, अशी या पत्राद्वारे विनंती आहे. तिला मोठे मैदान नको. पूर्ण मैदानाचे दोन-तीन भाग पुरतील. सात-सात मुलांचे संघ करावेत, उंचीची मर्यादा घालावी आणि ती सामन्याआधी दोन्ही संघांच्या देखत मोजावी. बाद पद्धत टाळून साखळी ठेवावी, म्हणजे प्रत्येक संघाला किमान चार सामने मिळतील. त्यांतला एक सामना कमजोर पायाचा आणि एक ड्रिबलिंगबंदीचा असावा. पंचांना आधी एक दिवस बसवून नियम समजावून सांगावेत, कारण कोणता पाय कमजोर हे सामन्यापूर्वी ठरवून मनगटाला फीत बांधली नाही तर वाद होतात. बक्षिसाची रक्कम ठेवू नये. तो पैसा लांबच्या गावांतून येणाऱ्या मुलांच्या एसटी भाड्यासाठी आणि दुपारच्या जेवणासाठी राखून ठेवावा, आणि निमंत्रणाच्या पत्रातच शाळांना तसे स्पष्ट कळवावे.

कळावे.